अनुग्रहसाठी जागा

निशिगंधानं लग्नाचं सांगितलं तेव्हा शांतवन लोंढ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जातीचा नव्हता, नोकरीचाही नव्हता.

"ख्रिस्ती आहे का?"

"आहे, पप्पा."

"मग माझं काही म्हणणं नाही."

त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. कोल्हापुरातल्या जुन्या दगडी चर्चचे ते पाळक. बायको वारल्यापासून मंगळवार पेठेतल्या घरात ते आणि ही एकुलती एक मुलगी. ती वारणानगरच्या एका शाळेत शिकवत होती, तिथंच तिची ओळख ऋतुराजशी झाली. तो डेअरीत मशीनवर होता. मूळचं घर शिरोळकडचं, शेतकऱ्याचं. वडील दारूत गेले आणि आई बायडाबाईचं डोकं फिरलं. घरातनं उठून विहिरीकडं पळायची. दवाखाने झाले, देवऋषी झाले. शेवटी कुणीतरी तिला केरबा पास्टरच्या प्रार्थनेला नेलं आणि ती हळूहळू माणसात आली. मग तिनं घरातले देवाचे टाक उचलून दिराच्या हवाली केले, जत्रेला जायचं सोडलं आणि पोराला घेऊन वारणानगरला कामगारांच्या कॉलनीत राहायला आली. दीर गणपतराव तेव्हापासून बोलत नव्हते.

केरबा पास्टर आधी ट्रॅक्टर चालवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये त्याची फेलोशिप भरायची. कीबोर्ड, ढोलकी, टाळ्या, कुणी रडतंय, कुणी हात वर करून मोठ्यानं बोलतंय. दगडी चर्चमधली माणसं नाक मुरडायची. फेलोशिपवाले दगडी चर्चला 'मेलेली मंडळी' म्हणायचे. लोंढेसाहेबांच्या बाकांवरची बरीच घरं गेल्या काही वर्षांत त्या शेडमध्ये गेली होती. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पण ऋतुराज निर्व्यसनी होता, नम्र होता, आणि शेवटी येशूचंच नाव घेणारा होता.

लग्नाची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा निशिगंधा एका संध्याकाळी घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"पप्पा, त्यांचं म्हणणं आहे, मी आधी बाप्तिस्मा घ्यावा."

"तुझा झालाय की. मीच दिलाय. तीन महिन्यांची होतीस."

"पाण्यात बुडून घ्यायचा. समजत्या वयात, स्वतः कबूल करून. तोच खरा, असं ते मानतात."

"आणि मी दिलेला?"

ती खाली बघत म्हणाली, "शिंतोडे म्हणतात त्याला."

"ते काय म्हणतात ते मी विचारत नाही. तू काय म्हणतेस?"

ती दारातून आत आली. मग म्हणाली, "मला लग्न करायचंय, पप्पा."

एका रविवारी वारणा काठच्या कुणाच्या तरी शेततळ्यात तिचा बाप्तिस्मा झाला. लोंढेसाहेबांना बोलावणं नव्हतं. चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी दाविद भंडारे यांनी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या कपड्यातली निशिगंधा केरबा पास्टरच्या हातावर मागं झुकली, पाण्यात गेली, वर आली, लोक टाळ्या वाजवू लागले. लोंढेसाहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाइल परत दिला. पुढच्या कमिटीत त्यांनी स्वतःच तिचं नाव मंडळीच्या सभासद-यादीतून कमी करायला सांगितलं.

"साहेब, पोरगी हाय तुमची," भंडारे म्हणाले.

"नियम सगळ्यांना सारखा."

लग्न शेडमध्ये झालं. लोंढेसाहेबांना पुढची खुर्ची दिली होती. मुलीच्या बापाला, त्यात पाळकाला, आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी तरी वर बोलावतील, असं त्यांना वाटत होतं. काय म्हणायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. केरबा पास्टरनं प्रार्थना केली, मग सांगलीहून आलेल्या कुणा ब्रदरनं केली, मग जेवणं सुरू झाली. लोंढेसाहेब न जेवता घरी आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

मुलगी सणावाराला यायची. बोलणं व्हायचं, पण या विषयावर नाही. मग ती गरोदर राहिली आणि सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळाला कोल्हापुरात मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आणून काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा होता. त्याचं नाव तिनं आधीच ठरवलेलं होतं. अनुग्रह.

लोंढेसाहेब रोज जायला लागले. काचेतून बघायचे. हाताच्या बोटाएवढे पाय, छातीचा भाता वरखाली होतोय, तोंडाला नळी. ऋतुराज बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. दोघं चहाला बरोबर जायचे. त्या दिवसांत सासऱ्या-जावयाचं जेवढं बोलणं झालं, तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

एक दिवस दुपारी ऋतुराज आणि बायडाबाई फेलोशिपच्या उपासप्रार्थनेला वारणानगरला गेले होते. डॉक्टर नुकतेच निशिगंधाशी बोलून गेले होते. लोंढेसाहेब आले तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती.

"पप्पा, आत जा. सिस्टर सोडतील, मी विचारलंय. बाळाला बाप्तिस्मा द्या."

लोंढेसाहेबांना आधी नीट ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हणतील? वाट बघायची म्हणाले. तुम्ही आत जा."

"ऋतुराजना विचारलंस?"

"नाही."

"मग?"

"विचारलं तर ते नाही म्हणतील. लहान लेकराला बाप्तिस्मा त्यांच्यात नाहीच. पप्पा, मला ते सगळं माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही मला दिलात ना? तसाच त्याला द्या."

त्या क्षणी त्यांच्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं, असं काहीतरी होतं ते. आणि त्याच्या मागोमाग राग आला.

"कसला देऊ?" ते म्हणाले. "शिंतोड्यांचा?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"तुला ठाऊक आहे, आईबापांपैकी एक जण तरी मंडळीचा सभासद लागतो. तुझं नाव आता मंडळीत नाही. तू माझा बाप्तिस्मा नाकारलास, सगळ्या लोकांसमोर. आता तो तुझ्या मुलाला कसा चालेल?"

"पप्पा, हात जोडते."

"नियमात बसत नाही, निशी."

तिनं खरंच हात जोडले होते. ते तिनं तसेच थोडा वेळ ठेवले आणि मग खाली सोडले. लोंढेसाहेब बाकावर बसले. त्यांना वाटत होतं, ती आता म्हणेल, चुकले मी. एवढं म्हणाली असती तर ते लगेच उठले असते. तीही बसली नाही आणि तेही उठले नाहीत. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी ठरवलं, सकाळी लवकर यायचं आणि काही न बोलता आत जायचं. आंघोळ करून, कोट घालून ते निघतच होते, तेवढ्यात ऋतुराजचा फोन आला.

बाळ गेलं होतं.

हॉस्पिटलच्या खाली गणपतराव जीप घेऊन आले होते. भावजयीशी इतकी वर्षं अबोला धरलेला हा म्हातारा बातमी कळताच शिरोळहून तसाच निघाला होता. ऋतुराजच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आपल्या बांधावर ठिवू लेकराला. लेकरू हाय ते, त्याला कुटला धर्म आन् कुटली जात."

बायडाबाई म्हणाली, "नगं. तितं बांधाला म्हसोबा हाय. माजा नातू परभूचा हाय."

"म्हसोबा काय खातोय व्हय त्येला?"

"नगं म्हंटलं न्हवं!"

निशिगंधा जीपमध्ये बसली होती. बाळ तिच्या मांडीवर, पांढऱ्या फडक्यात. ती म्हणाली, "मम्मीशेजारी ठेवायचं."

तिच्या आईची कबर दगडी चर्चच्या दफनभूमीत होती. फेलोशिपची स्वतःची दफनभूमी नव्हती. ऋतुराजनं पहाटेच येऊन पोचलेल्या केरबा पास्टरकडं बघितलं. पास्टर म्हणाला, "बहिणीची इच्छा हाय, तर हू द्या." लोंढेसाहेबांनी भंडाऱ्यांना फोन लावला. भंडारे म्हणाले, "या. बघू."

दफनभूमीच्या फाटकाला साखळी होती. आत भंडारे आणि दोन पंच उभे होते. त्यांनी फाटक उघडलं नाही. जीपमध्ये बाळाला घेऊन निशिगंधा बसलेली, शेजारी बायडाबाई. बाकीचे खाली उतरले.

"साहेब, वाईट झालं," भंडारे म्हणाले. "पण अडचण हाय. बाळ कुणाचं म्हणून आत घ्यायचं?"

"माझं नातवंड आहे, दाविद."

"ते हायच. पण आईचं नाव आपल्यात न्हाई, बापाचं कधीच न्हवतं. फेलोशिपवाल्यांना जागा द्यायची न्हाई, असा ठराव हाय. ज्याला आपल्या पाळकानं बाप्तिस्मा दिलाय आन् ज्यानं दुसरा घेतला न्हाई, त्यालाच जागा. मोठा असू दे न्हाईतर ल्हान."

"ठराव मला माहीत आहे."

"म्हाईत असणारच की. तुम्हीच मांडलाय."

ते खरं होतं. फेलोशिपमध्ये गेलेली घरं मयतापुरती मंडळीकडं परत यायला लागली, तेव्हा लोंढेसाहेबांनीच तो ठराव मांडला होता. जिवंतपणी आम्हाला मेलेले म्हणणार आणि मेल्यावर आमच्याकडं येणार, असं ते त्या सभेत म्हणाले होते. लोकांना ते फार आवडलं होतं. त्यानंतर त्या ठरावावर बोट ठेवून तीन-चार मयतं फाटकावरून परत गेली होती. लोंढेसाहेब त्या वेळी इथं आले नव्हते. भंडाऱ्यांनी परस्पर सांभाळून घेतलं होतं.

"पावणं, उगडा की," गणपतराव मागून म्हणाले. "केवडीशी जागा लागती!"

"तुम्ही मधी बोलू नका, हा मंडळीचा प्रश्न हाय."

ऊन तापायला लागलं होतं. लोंढेसाहेबांनी जीपकडं बघितलं. निशिगंधाची मान खाली होती. त्यांनी भंडाऱ्यांकडं वळून सांगितलं, "बाप्तिस्मा झालाय."

"कुणाचा?"

"बाळाचा. मी दिला. काल, हॉस्पिटलात."

उभ्या आयुष्यात त्यांनी मंडळीपुढं खोटं सांगितलं नव्हतं. आवाज अगदी साधा निघाला. भंडाऱ्यांचा चेहरा सैल पडला. "मग तसं आदी सांगायचं न्हाई का, साहेब?" म्हणत त्यांनी खिशातली किल्ली काढली. "पण एक. प्रार्थना आपले नवे पाळक म्हणतील. फेलोशिपच्या पास्टरनं बाहेर थांबायचं."

"बाहेर का म्हणून?" केरबा पास्टर पुढं आला. "आईबाप माझ्या मंडळीतले. आन् तसल्या बाप्तिस्म्याच्या नावावर जागा घ्यायची आसंल, तर उद्या माझी माणसं मला काय म्हणतील? लेकराला पाण्याची गरजच न्हवती. ते तसंबी परभूचंच."

"परभूचं हाय तर परभूकडनं जागा मागा. आमच्याकडं कशाला आला?"

"मेलेल्यांच्या मंडळीत मेलेल्यांनासुदिक जागा न्हाय, कमाल हाय!"

आवाज चढले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. आणि या सगळ्यात ऋतुराज लोंढेसाहेबांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"मी प्रार्थनेला गेलतो," तो म्हणाला. "माझ्या मागं तुम्ही आत गेला? मला न विचारता? रोज माझ्यासंगट च्या पीत होता की तुम्ही."

लोंढेसाहेबांनी फाटकाकडं बघितलं. खरं बोलले तर फाटक बंद होणार होतं.

"चोरून पाणी लावलंत माझ्या पोराला. म्हणूनच..." तो थांबला. पण काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

"म्हणूनच काय?" निशिगंधा जीपमधून उतरली होती. ओली बाळंतीण, तिला नीट उभंही राहवत नव्हतं. बाळ छातीशी होतं. "म्हणून गेला तो? बोला की पुढं."

"निशी, तू बस आत," लोंढेसाहेब म्हणाले.

"पप्पांनी बाप्तिस्मा दिलेला नाही." ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मी द्या म्हटलं. हात जोडले. नियमात बसत नाही म्हणाले. माझ्या लेकराला कुणीही पाणी लावलेलं नाही. झालं समाधान?"

भंडाऱ्यांचा किल्लीचा हात तसाच राहिला.

ती बापाकडं वळली. "तिथं तुमच्याकडं चार थेंब पाणी नव्हतं, पप्पा. इथं खोटं बोलायला मात्र जमलं. इथं नियम आडवा आला नाही?"

"तुझ्यासाठीच बोललो, बाळा."

"काल माझ्यासाठी आत जायचं होतं." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही. पोरगं गेल्याचं तुमच्या तोंडून अजून एक अक्षर नाही. पाणी लागलं का, एवढंच."

ऋतुराज मटकन खाली बसला आणि त्या रस्त्याकडेला पहिल्यांदा मोठ्यानं रडला. ती त्याच्याजवळ गेली नाही. गणपतरावांना म्हणाली, "नाना, गाडी वळवा. तुमच्याकडं जाऊ."

बायडाबाई काहीतरी म्हणायला गेली. निशिगंधानं तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी ती गप्प बसली. गणपतरावांनी ऋतुराजला उठवून गाडीत बसवलं आणि जीप वळली. भंडाऱ्यांनी काय मनात आलं कुणास ठाऊक, साखळी काढली आणि फाटक सताड उघडलं. "साहेब, बोलवा त्यांना. असू दे, जाऊ दे आत," ते म्हणाले. पण जीप कोपऱ्यावरून गेली होती. लोंढेसाहेबांना कुणी गाडीत बस म्हणालं नव्हतं.

शिरोळला शेतात ऋतुराजनंच खड्डा खणला. केरबा पास्टर आला नाही. म्हसोबाच्या शिवारात प्रार्थना करणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. गणपतरावांनी विचारलं, "पोरी, तुमच्यात काय करत्यात?" निशिगंधा म्हणाली, "काही नको." गणपतरावांच्या बायकोनं बाळाच्या अंगावर आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून घातला आणि माती लोटली.

पुढच्या महिन्यात दगडी चर्चच्या कमिटीत या प्रकरणावर चर्चा झाली. ठराव मागं घ्यावा असं एकानं सुचवलं. शेवटी ठराव तसाच राहिला, फक्त त्याला जोड दिली, की यापुढं तोंडी सांगणं चालणार नाही, बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. लोंढेसाहेबांचं वय आणि सेवा बघून त्यांच्या खोटं बोलण्याचा विषय काढायचा नाही, असंही ठरलं. फेलोशिपमध्ये केरबा पास्टरनं सगळ्यांपुढं उभं राहून त्या दिवसाची साक्ष सांगितली आणि आपली वेगळी दफनभूमी हवी म्हणून अर्ज केला. दोन्हीकडच्या रविवारच्या उपासना नेहमीसारख्या भरत राहिल्या.

निशिगंधा शाळेत जाऊ लागली. नवऱ्याच्या घरीच राहायची, पण रविवारी शेडमध्ये गेली नाही. दगडी चर्चमध्येही आली नाही. लोंढेसाहेब फोन करायचे. ती उचलायची. "जेवलात? गोळ्या घेतल्या?" एवढं विचारायची. ते पुढं काही बोलायला लागले की म्हणायची, "ठेवते, पप्पा."

थंडीत, ऊसतोडी सुरू झाल्या तेव्हा लोंढेसाहेब एस्टीनं शिरोळला गेले. पत्ता विचारत गणपतरावांच्या रानात पोचले. म्हाताऱ्यानं ओळखलं. बोलावलं नव्हतं तरी पाणी दिलं आणि बांधाबांधानं घेऊन गेला. ऊस तुटून रान मोकळं झालं होतं. बांधाला शेंदूर लावलेला दगड होता आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर चार धोंडे गोल मांडून ठेवले होते.

"औंदा किस्नेचं पाणी पार हितवर आलतं," गणपतराव म्हणाले. "वसरल्यावर धोंडं परत मांडलं. तीच जागा हाय, अंदाजानं."

लोंढेसाहेबांनी टोपी काढली.

"पोरगी येती रविवारी," गणपतराव म्हणाले. "ऐकटीच येती. बसती आन् जाती."

"काही म्हणते का? प्रार्थना वगैरे?"

"न्हाय बा. नुस्ती बसती."

दोघं उभे राहिले. पलीकडच्या रानात उसाच्या मोळ्या ट्रॉलीत पडत होत्या.

"पावणं, येक इचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"तुमचा द्याव येकच न्हवं? तुमचा आन् त्या केरबाचा?"

"एकच आहे."

"येशूच की?"

"हो, येशूच."

"मग त्या दिवशी भांडान कशाचं हुतं?"

लोंढेसाहेब सांगायला लागले. लहान मुलाला बाप्तिस्मा का द्यायचा, देवाचा करार घराण्याशी कसा असतो, बुडवणं आणि शिंपडणं यात मूळ शब्दाचा अर्थ काय, ते लोक कुठं चुकतात. हे सगळं त्यांनी अनेक वर्षं शिकवलं होतं. एकही मुद्दा ते विसरले नव्हते. बोलता बोलता त्यांचा आवाज वाढला, एक बोट वर गेलं, आणि केरबाचं नाव घेताना त्यात तीच जुनी धार आली.

गणपतरावांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"हळू बोला, पावणं," ते म्हणाले. "हितं लेकरू हाय."